पिक्चर कसा होता? नागपुरात मत देणाऱ्या नवख्यांसाठी

नागपुरात शुक्रवारी दुपारी एक प्रश्न सुरू होतो आणि सोमवारी ऑफिसातल्या डब्यापर्यंत पुरतो : "पाह्यला का? कसा आहे?" विचारणारा कधी शेजारी असतो, कधी पानठेल्यावरचा ओळखीचा चेहरा, कधी काटोलहून फोन करणारी मावशी. तुम्ही मिहानमध्ये नोकरीला आला असाल किंवा गोंदिया-गडचिरोलीहून शिकायला येऊन होस्टेलवर राहत असाल, तरी पहिल्या महिन्यातच हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचेल. उत्तर देणारे इथे भरपूर आहेत, कामाचं उत्तर देणारे कमी.

विचारणाऱ्याला तुमची रसिकता तपासायची नसते. चार जणांची तिकिटं काढायची का, आईबाबांना न्यायचं का, आणि जायचंच तर या आठवड्यात की घरी मोबाइलवर येईपर्यंत थांबायचं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. खालचं सगळं या एका कामासाठी आहे. समीक्षक व्हायचं असेल तर हा लेख पुरणार नाही.

पायरी पहिली : कुठे, कधी आणि कशा हालतीत पाहिला ते लक्षात ठेवा

हे आधी सांगायचं कारण उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, आणि दुपारी बाराच्या शोला निम्मं पब्लिक एसीसाठी आलेलं असतं. तीन तास गारव्यात बसून बाहेर पडलेला माणूस कुठल्याही पिक्चरला "बरा होता" म्हणतो. उन्हाळ्यातल्या दुपारच्या शोवरून आलेल्या मतातून अर्धा गुण मी नेहमी वजा करते, आणि तुमच्या स्वतःच्या मतातूनही तुम्ही करावा असं मला वाटतं. उलट बाजूही आहे. रविवारी रात्री साडेनऊचा शो, सोमवारी सकाळी आठची शिफ्ट, मेट्रो बंद झालेली, घरी जायला ऑटोवाल्याशी घासाघीस. अशा वेळी चांगल्या पिक्चरचा शेवटचा अर्धा तासही रटाळ वाटतो. त्यात दिग्दर्शकाचा दोष नाही.

जागेनंही फरक पडतो. जुन्या नागपूरकरांना पत्ता विचारला तर ते आजही टॉकीजच्या नावानं सांगतात. व्हरायटी चौकाला नावच व्हरायटी टॉकीजचं आहे, आणि आता त्याच चौकात मॉल आहे. जिथे एम्प्रेस मिलचा भोंगा वाजायचा त्या जागेवरच्या मॉलमध्येही मल्टिप्लेक्स आलं. एका पडद्याच्या टॉकीजमध्ये हिरोच्या एंट्रीला शिट्ट्या पडतात, पुढच्या रांगेतले पोरं उभे राहतात आणि ती ऊब तुम्हालाही लागते. मल्टिप्लेक्समध्ये तीच एंट्री शांततेत जाते आणि शेजारचा माणूस नाचोज कुरकुरवत असतो. मसाला पिक्चर शिट्ट्यांत पाहिला असेल तर तसं सांगा : "टॉकीजमध्ये पाहिला, पब्लिक जोरात होतं." ऐकणारा समजून घेतो.

आवाजाचंही तसंच आहे. संवाद ऐकू आले नाहीत तर तो पिक्चरचा दोष की हॉलचा, हे ठरवण्याआधी दुसऱ्या हॉलमध्ये पाहिलेल्या कुणाला तरी विचारा. मराठी पिक्चरच्या बाबतीत तर नक्की विचारा, कारण त्याच्या वाट्याला बरेचदा छोटा स्क्रीन आणि अडनिडी वेळ येते.

पायरी दुसरी : मध्यंतरात काही पाठवू नका

"फर्स्ट हाफ एक नंबर" असा मेसेज पॉपकॉर्नच्या रांगेतून ग्रुपवर जातो. पिक्चर दुसऱ्या भागात बसला की तोच माणूस गप्प होतो, आणि त्याच्या मेसेजवर भरवसा ठेवून सहाच्या शोची तिकिटं काढलेले तिघं त्याला शिव्या घालतात. संपेपर्यंत थांबा.

आणखी एक, आणि हे गमतीत घेऊ नका. पडद्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवायची सवय असेल तर ती थिएटरच्या दाराबाहेर ठेवून आत जा. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आणि परवानगीशिवाय पडद्यावरून चित्रण करण्याला कमीत कमी तीन महिन्यांचा कारावास आणि तीन लाखांचा दंड अशी शिक्षा आली. हिरोच्या एंट्रीच्या पंधरा सेकंदांसाठी हे महाग पडतं. तिकिटाचा फोटो टाका, पोस्टरपुढे उभे राहा, हवं तेवढं मिरवा.

पायरी तिसरी : नट, भूमिका आणि काम यांची गल्लत करू नका

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावर, कारण आपल्याकडची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

"विकी कौशल भारी आहे" या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. एक, मला तो माणूस आवडतो, त्याचे आधीचे पिक्चर मी पाहिलेत. दोन, त्याला मिळालेली भूमिका मोठी आहे. तीन, त्यानं काम चांगलं केलं. ऐकणाऱ्याला फक्त तिसरी गोष्ट उपयोगाची असते, आणि आपण पहिल्या दोन सांगत बसतो.

14 फेब्रुवारी 2025 ला ‘छावा’ आला तेव्हाचं बोलणं आठवून पाहा. विकी कौशलनं संभाजीराजे केले होते. महाराष्ट्रात या भूमिकेला टाळ्या पडायच्याच, नट कुणीही असता तरी राजांच्या नावाला त्या मिळाल्याच असत्या. मग नटाचं काम कुठे दिसतं? घोड्यावरच्या आरोळीत कमी आणि घरच्यांसोबतच्या प्रसंगात जास्त, कारण तिथे मदतीला ढोलताशा नसतो. आता अक्षय खन्ना बघा. औरंगजेब ही भूमिका प्रेक्षकांनी तिरस्कार करावा अशीच. ओळखू न येणारा जड मेकअप, मोजके संवाद, आणि तरी बाहेर पडताना लोक त्याच्याबद्दल बोलत होते. ते श्रेय सरळ कामाचं आहे, कारण भूमिकेनं त्याला फुकटचं प्रेम मिळवून दिलं नव्हतं. माझ्या मते खलनायकाच्या कामावर मत देणं नवख्याला सोपं जातं. सुरुवात तिथून करा.

नव्या चेहऱ्यांच्या बाबतीत अडचण उलटी असते. जुलै 2025 मध्ये ‘सैयारा’ आला. अहान पांडे मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच नायक झाला होता, अनीत पड्डाही बहुतेकांना नवी होती. कॉलेजची पोरं हॉलमध्ये रडत होती आणि त्यांचे काका "यात रडण्यासारखं काय आहे?" म्हणत होते. दोघंही खोटं बोलत नव्हते. ज्याला मत द्यायचं आहे त्यानं एवढं करावं : आपलं वय सांगून टाकावं. "मी चाळिशीचा आहे, मला गाणी आवडली, गोष्ट आधी पाहिल्यासारखी वाटली, पण शेजारची मुलगी हमसून रडत होती" या एका वाक्यात वीस वर्षांच्या पोराला आणि पन्नाशीच्या बापाला आपापलं उत्तर मिळतं.

आणि हो, अहान हा चंकी पांडेचा पुतण्या. "स्टारचा नातेवाईक म्हणूनच घेतला" हे मत पिक्चर पाहण्याआधीही देता येतं. म्हणूनच पिक्चर पाहून आल्यावर त्याची किंमत शून्य. पाहून आलात ना, मग पडद्यावर काय केलं ते सांगा.

कामाबद्दल बोलायचं कसं, तर एक प्रसंग धरायचा. "अभिनय अप्रतिम" हे दोन शब्द कुठल्याही पिक्चरला चिकटवता येतात. त्याऐवजी : ती चिठ्ठी वाचते तेव्हा रडत नाही, फक्त कागदाची घडी करते, परत उघडते, परत घडी करते. एवढं सांगितलं की नटीचं काम ऐकणाऱ्यासमोर उभं राहतं आणि तुम्हाला विशेषणांची गरज पडत नाही. घरी येताना गाडीवर असा एक प्रसंग आठवून ठेवा. एकही आठवला नाही, तर तेही एक मतच आहे.

पायरी चौथी : पडद्यामागची दोन नावं पाहा

सगळी श्रेयनामावली वाचायची गरज नाही. दिग्दर्शक कोण आणि लेखक कोण, बस. ही दोन नावं माहीत असली की बोलणं एकदम भक्कम होतं. उदाहरणार्थ, ‘छावा’चे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर आधी कॅमेरामन होते. ‘इंग्लिश विंग्लिश’ आणि ‘डिअर जिंदगी’ त्यांनी चित्रित केले होते. हे कळल्यावर पिक्चरमधल्या उजेडाकडे आणि चौकटीकडे आपण वेगळ्या नजरेनं पाहतो.

ऐतिहासिक पिक्चरसाठी हे जास्तच लागू पडतं. ‘छावा’ शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे. म्हणजे वाद घालताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या : इतिहासात काय नोंदलंय, कादंबरीकारानं काय रंगवलं आणि दिग्दर्शकानं काय घेतलं. प्रदर्शनाआधी महाराजांना लेझीम खेळताना दाखवणाऱ्या दृश्यावर आक्षेप आला आणि निर्मात्यांनी ते काढलं. त्यावर पानठेल्यावर रात्री अकरापर्यंत वाद झाले. पण "पिक्चर कसा आहे" या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. इतिहासावर बोलायचं असेल तर खुशाल बोला, फक्त तिकीट काढणाऱ्याला त्यात अडकवू नका.

पायरी पाचवी : कोटींचे आकडे जपून वापरा

"शंभर कोटी झाले, म्हणजे चांगलाच असणार." हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुठले शंभर? कारण आकडे तीन तऱ्हेचे असतात. प्रेक्षकांनी मोजलेला सगळा पैसा म्हणजे ग्रॉस. त्यातून कर वजा केला की नेट. नेटमधून थिएटरवाल्यानं आपला वाटा ठेवला की वितरकाकडे जातो तो शेअर.

एका तिकिटावर करून पाहा. सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी आहे. तिकिटाची मूळ किंमत 200 असेल तर कर 36, तुम्ही देता 236. ग्रॉसमध्ये 236 मोजले जातात, नेटमध्ये 200. मल्टिप्लेक्सच्या हिशेबात पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा साधारण निम्मा असतो आणि पुढच्या आठवड्यांत तो उतरत जातो. 2009 च्या संपानंतर ठरलेली वाटणी 50, 42.5, 37.5 आणि मग 30 टक्के अशी होती. म्हणजे तुमच्या 236 मधले 100 रुपये वितरकाकडे पोचतात. पोस्टरवर छापलेले शंभर कोटी आणि कुणाच्या तरी खिशात गेलेले शंभर कोटी यांत एवढं अंतर आहे. त्यात आपल्याकडे गल्ल्याचा सरकारी आकडा कुणी जाहीर करत नाही. निर्माते सांगतात ते आणि व्यवसायावर लक्ष ठेवणारे अंदाज बांधतात ते, एवढंच.

आकडाच हवा असेल तर सोमवारचा बघा. शुक्रवार ते रविवार स्टारच्या नावावर जातात. सोमवारी जो येतो तो कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेला असतो. त्यासाठी कुठलं संकेतस्थळ उघडायचीही गरज नाही. सोमवारी किंवा मंगळवारी संध्याकाळी बुकिंगच्या अ‍ॅपवर नागपूरच्या शोंच्या खुर्च्यांचा नकाशा पाहा, रंग बोलतात. फक्त मंगळवारी काही ठिकाणी तिकीट स्वस्त असतं, ते हिशेबात धरा.

मराठी पिक्चरचे आकडे हिंदीशी लावून मोजू नका. 2016 मध्ये ‘सैराट’नं शंभर कोटींचा पल्ला गाठला आणि तेव्हापासून दर मराठी पिक्चरला लोक त्या मापानं मोजायला लागले. हे त्या बिचाऱ्या बाकीच्यांवर अन्यायाचं आहे.

पायरी सहावी : आपल्या मातीचा पिक्चर असेल तेव्हा

नागपूरचं आणि पिक्चरचं नातं नव्या माणसाला पटकन कळत नाही. राजकुमार हिरानी इथले. ‘कोर्ट’मधला लोकशाहीर नारायण कांबळे करणारे वीरा साथीदार इथले, चळवळीतले. त्या पिक्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये कोरोनानं साथीदार गेले. 2022 चा ‘झुंड’ नागपुरात घडतो. तो ज्यांच्यावर बेतला ते, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणारे विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते, आणि दिग्दर्शक नागराज मंजुळेनं अमिताभ बच्चनसमोर इथल्या वस्त्यांतली पोरं उभी केली. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. ही नावं ठेल्यावर निघतातच, म्हणून माहीत असू द्या.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला बाहेरून आलेल्यांसाठी. "ते वऱ्हाडी बोलतात ना, किती हसायला येतं" हे कौतुक म्हणून म्हटलं तरी समोरच्याला बोचतं. वर्षानुवर्षं मराठी नाटक-सिनेमानं आमच्या बोलीला नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी ठेवलं. ‘झुंड’मध्ये पोरं जसं बोलतात तसंच बोलली आणि कुणी त्यावर हशा मागितला नाही, म्हणून इथल्या लोकांना तो पिक्चर जवळचा वाटला. बोलीवर मत द्यायचं असेल तर ती खरी वाटली की ओढूनताणून, यावर द्या. नटाला "करून राहिलो" म्हणता येतं, पण सूर पुण्याचा लागतो. असलं काही कानाला जाणवलं तर जरूर सांगा. ते खरं निरीक्षण आहे.

दुसरा खड्डा आम्हा इथल्यांसाठी. आपली गल्ली पडद्यावर दिसली की आपण पिक्चर पाहायचं सोडून गल्ली पाहायला लागतो. "अबे, हे तं आपलं ग्राऊंड!" म्हणत कोपर मारायचं आणि तेवढ्यात पडद्यावरचे दोन संवाद निघून जायचे. आनंद आहे तो, घ्यावा. पण बाहेर आल्यावर मार्क देताना ओळखीच्या गल्लीचे मार्क वेगळे काढा. यवतमाळच्या माणसाला तुमच्या गल्लीशी काही देणंघेणं नाही, आणि पुण्याच्या माणसाला तर नाहीच नाही. ‘झुंड’ लांबला का? माझ्या मते हो, दुसरा भाग थोडा आवरता आला असता. हे मी नागपुरात उभं राहून म्हणते आणि लोक चिडतात.

पायरी सातवी : विचारणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारा

धरमपेठेतल्या एका पानठेल्यावरचं हे बोलणं, डिसेंबर 2025 मधलं, ‘धुरंधर’ नुकताच लागला होता :

"काऊन बे, कसा होता?"
"बाप पिक्चर आहे! अक्षय खन्नानं तं आग लावून टाकली."
"ते जाऊ दे. घरच्यांले घेऊन जाऊ का?"
"जा न."
"आई आहे सोबत. अन् पोरगी, सातवीतली."
"सातवीतली? मंग नको बाप्पा. तिले तं आतच नाही घेणार, ए आहे तो. मारामारी लय आहे, रक्तच रक्त. अन् साडेतीन तास. तुह्या आईचे गुडघे..."
"हे आधी सांगाचं न!"

चूक कुणाचीच नव्हती, क्रम उलटा झाला होता. "कुणासोबत जातोस?" आणि "काय पाहायला आवडतं?" हे दोन प्रश्न आधी विचारले असते तर उत्तर पहिल्या फेरीतच मिळालं असतं.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगते, कारण अजूनही बऱ्याच आईबापांना नवे गट माहीत नाहीत. पूर्वी यूए हा एकच मधला गट होता. 2024 च्या अखेरीपासून नव्या प्रमाणपत्रांवर त्याचे तीन भाग दिसतात : सात वर्षांवर, तेरा वर्षांवर आणि सोळा वर्षांवर. हे तिन्ही पालकांसाठी इशारे आहेत, त्यावरून दारात अडवत नाहीत. ‘ए’ असेल तर मात्र अठराच्या आतल्याला प्रवेश नाही, पालक सोबत असले तरी नाही. पोरांना नेणाऱ्याला पिक्चरच्या नावाबरोबर हा गट सांगायचाच.

ज्येष्ठांसाठी लांबी आणि आवाज सांगा. पायऱ्या किती, लिफ्ट कुठून, हेही सांगितलं तर तुमच्या कलाविषयक मतापेक्षा जास्त दुवा मिळेल. घरात नवं लग्न झालेलं जोडपं सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असेल तर अवघडल्यासारखं होईल असं काही आहे का, ते हळूच कानात सांगायचं. ग्रुपवर नाही.

पायरी आठवी : लिहायचं असेल तर सहा ओळी पुरतात

बोलण्यापेक्षा लिहिणं नवख्याला जड जातं, आणि मग तो "अप्रतिम! वास्तवदर्शी! जरूर पाहा!" असं लिहून मोकळा होतो. असं मत आणि वर्तमानपत्रातली जाहिरात यांत काही फरक राहत नाही. त्याऐवजी हे पाहा. मार्च 2025 मध्ये आलेल्या ‘स्थळ’वर मी घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर जवळपास असा होता :

"‘स्थळ’ पाहिला. चंद्रपूरकडचं गाव, शिकणारी मुलगी, आणि तिला पाहायला येणारे एकामागून एक पाहुणे. दर वेळी तेच : खाली मान, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड काय. पुन्हा पुन्हा तेच येतं, कंटाळा यावा इतकं, आणि तो कंटाळा मुद्दाम आणलाय. नट नाहीत, तिकडचीच माणसं आहेत, त्यामुळे बोलणं खरं. जयंत सोमलकरचा पहिला मोठा पिक्चर. गाणी, मारामारी हवी असेल तर जाऊ नका. वयात आलेली मुलगी घरात असेल तर बाप आणि मुलगी दोघांनी शेजारी बसून पाहा."

यात स्टार दिलेले नाहीत. पाचपैकी साडेतीन म्हणजे काय ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. बुकिंगच्या अ‍ॅपवर आकडा द्यावाच लागतो, तिथे देऊन टाका, पण घरच्या ग्रुपवर नको. यात गोष्टही फोडलेली नाही. मुलीचं पुढे काय होतं ते नाही, फक्त ती कशातून जाते ते आहे. गोष्ट फोडण्याबाबत माझा ढोबळ नियम असा : ट्रेलरमध्ये जे आहे ते बोलायला मोकळं, बाकीचं दुसरा रविवार उलटेपर्यंत तोंडात धरून ठेवायचं. कुणी आग्रह केलाच तर फोन करा, ग्रुपवर टाकू नका, तिथे वीस जण वाचतात.

आणि कुणासाठी नाही, ते नक्की लिहा. "कुणी जाऊ नये" हे सांगायची आपल्याला लाज वाटते, जणू पिक्चरवाले आपले पाहुणे आहेत. पण त्या एका ओळीनं लोकांचे खरे पैसे वाचतात. मॉलमध्ये चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरलं तर हजाराचा आकडा कधीच मागे पडतो.

पायरी नववी : भांडण होईल, तेव्हा

होईलच. सलमानचे चाहते आहेत, शाहरुखचे आहेत, दक्षिणेतल्या नायकांचे चाहते तर घराघरात आहेत, कारण दुपारी टीव्हीवर डब केलेले पिक्चर पाहूनच एक पिढी मोठी झाली. "फालतू आहे" म्हटलं की त्या माणसाच्या आवडीवर पाय पडतो. "मला नाही बा जमला" म्हटलं की तो विचारतो, "काऊन?" आणि गप्पा पुढे सरकतात. हा "नाही बा" नागपूरकरांकडून जरूर शिकून घ्या, फार उपयोगी आहे.

नटाचं लग्न, घटस्फोट, धर्म, जात, वजन, वय यांवरचं बोलणं बाजूला ठेवा. पंचेचाळिशीचा नायक विशीच्या नायिकेसोबत विचित्र दिसतो का, यावर बोलता येतं, कारण ते पडद्यावर आहे आणि कुणीतरी विचार करून तशी निवड केली आहे. ती नटी घरी कुणासोबत राहते हे पडद्यावर नाही.

पहिल्या दिवशी सकाळी नऊलाच "मास्टरपीस" म्हणणाऱ्या अनोळखी खात्यांवर वेळ घालवू नका. आधी काय लिहिलंय ते खाली सरकून बघा. दर शुक्रवारी मास्टरपीसच असेल तर पुढे चला. तसंच दर शुक्रवारी "डिझास्टर" लिहिणाऱ्याचं.

समोरचा ऐकतच नसेल तर चहा सांगा आणि त्याचा आवडता प्रसंग विचारा. कट्टर चाहता प्रसंग सांगायला लागला की आपोआप कामावर बोलायला लागतो, आणि तिथे तुमचं त्याच्याशी पटण्याची शक्यता असते.

राहिलेलं थोडं

तिकीट काढून पाहिला की घरी पाहिला, हे सांगत जा. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांत लागणारे हिंदी पिक्चर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. घरी पाहणारा मधेच दूध उतू जातं म्हणून उठतो, फोन घेतो, कंटाळवाणं गाणं पुढे ढकलतो. तो म्हणणार "छान, आटोपशीर आहे", आणि हॉलमध्ये बसलेला म्हणणार "लांबलाय". दोघांनी वेगळा पिक्चर पाहिलाय असं धरून चाला. मोबाइलवर इअरफोन लावून पाहिलेल्या युद्धाच्या पिक्चरवर मत देणाऱ्याला तसं विचारायला हरकत नाही.

मराठी पिक्चर पाहायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात जा. दुसऱ्या आठवड्यात नागपुरात त्याचा एखादाच शो उरतो, तोही दुपारी तीनचा. आवडला तर त्याच रात्री ग्रुपवर लिहा आणि सोबत हॉलचं नाव आणि शोची वेळ टाका.